फुकट उत्तरं देणाऱ्यांचा राग

मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार जाहीर केला. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे जगभरचे लोक २००८ पासून तिच्या संकेतस्थळावर एकमेकांचे अडलेले प्रश्न सोडवत आले होते. तो सगळा साठा आता ओपनएआयला रीतसर मिळणार होता. बातमी आली आणि काही जुन्या सदस्यांनी आपली उत्तरं पुसायला किंवा त्यांच्या जागी निषेधाचा मजकूर टाकायला सुरुवात केली. कंपनीने ती उत्तरं पुन्हा होती तशी केली आणि त्या सदस्यांची खाती काही दिवसांसाठी बंद ठेवली.

बाहेरून बघणाऱ्याला हा प्रकार थोडा विनोदीच वाटला असणार. ज्या उत्तरांसाठी या मंडळींनी कधी छदाम घेतला नाही, मागितलाही नाही, ती उत्तरं आणखी कुणी वापरली तर यांचं काय गेलं? ‘फुकटच तर दिलं होतं ना?’ हा सवाल मी आयटीत काम करणाऱ्या, याच साठ्यावर रोजची नोकरी निभावणाऱ्या लोकांकडूनही ऐकला. सवाल रास्त आहे. पण त्याला उत्तर द्यायचं तर मुळात हे लोक इतकी वर्षं कशासाठी लिहीत होते, ते आधी पाहावं लागतं.

त्याची दोन ठरावीक स्पष्टीकरणं आपल्याकडे तयार असतात. पहिलं परोपकाराचं: ज्ञानदान श्रेष्ठ दान वगैरे. दुसरं त्याच्या अगदी उलट: हे सगळे मिरवायला येतात. मला दोन्ही आळशीपणाची वाटतात. परोपकार करायचा असेल तर रात्री अकरा वाजता कुणा अनोळखी माणसाच्या प्रोग्राममधली चूक शोधण्यापेक्षा बऱ्याच सोप्या वाटा आहेत. आणि मिरवायचंच असेल तर टोपणनावाने कुणी मिरवतं का? तिथले कितीतरी उत्तम उत्तरकर्ते टोपणनावाने लिहितात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही त्यांचा पत्ता नसतो.

खरी गंमत प्रश्नात असते. जाणकार माणसाकडचं बरंचसं ज्ञान कुणी विचारल्याशिवाय वर येत नाही, ते आपल्याकडे आहे याची त्यालाही कल्पना नसते. डीटीपी करणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाला ‘देवनागरी टायपिंगबद्दल लेख लिहा’ म्हणा, तो दोन पानं नीरस मजकूर देईल किंवा टाळेल. पण त्याला विचारा, ‘समुद्रवाला दर्या आणि डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या कशा टाइप करायच्या? माझ्याकडे दोन्ही सारखंच उमटतंय.’ तो लगेच सरसावून बसतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांमधून लोक युनिकोडकडे, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंचाकडे, येत होते तेव्हा हा प्रश्न मराठी मंडळींमध्ये पुनःपुन्हा यायचा. दऱ्यांसाठी नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य. एवढंच उत्तर. विचारणाऱ्याचं ‘जमलं!’ पाच मिनिटांत यायचं. यातले काही प्रश्न मीही सोडवले आहेत, आणि सांगतो, त्या ‘जमलं’ची चटक लागते.

त्याच सुमाराचा दुसरा प्रश्न आणखी गोड होता. ‘ॲप’ हा शब्द डोळ्यांसमोर दिसतोय, तरी फाइलमध्ये शोधल्यावर सापडत का नाही? कारण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवत, आणि नंतरही कित्येक जण तसंच करत राहिले. दोन्ही पडद्यावर जुळे भाऊ दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे. असा प्रश्न समोर आला की उत्तर देणारा उपकार वगैरे करत नसतो. त्याला कोडं मिळालेलं असतं, तेही असं कोडं की ज्याच्या पलीकडे खरोखरचा अडलेला माणूस बसला आहे. कोड्याचा आनंद आणि उपयोगी पडल्याचा आनंद एकाच वेळी मिळण्याच्या जागा आयुष्यात फार नसतात. नोकरीत तर नसतातच. तिथे प्रश्न वरून येतो, तारखेसह येतो, आणि सुटला तरी कुणी ‘जमलं!’ म्हणत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग त्या गुणांचं आणि बिल्ल्यांचं काय? स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला एक पसंतीचं मत पडलं की दहा गुण मिळतात, प्रश्नकर्त्याने उत्तर स्वीकारलं की पंधरा. गुगलमध्ये काम करणारे जॉन स्कीट २०१८ मध्ये तिथे दहा लाख गुणांचा टप्पा ओलांडणारे पहिले ठरले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. शिवाय बिल्ले आहेतच. त्यांचा अभ्यास करणाऱ्या संगणकशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की बिल्ला जवळ आला की सदस्याची धावपळ वाढते आणि तो खिशात पडला की ओसरते. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा हा पुरावा आहे आणि तो बाजूला सारण्यात अर्थ नाही. गुण माणसाला पळवतात. कधी वाईट दिशेलाही पळवतात: पहिल्या दोन मिनिटांत पडलेल्या तोकड्या उत्तराला मतं मिळून जातात आणि तासभर खपून लिहिलेलं उत्तर तळाशी राहतं, हे तिथलं जुनं दुखणं आहे.

पण त्या गुणांनी काय विकत मिळतं ते पाहा. पंधरा गुणांवर दुसऱ्याच्या उत्तराला पसंती देण्याचा हक्क, पन्नासवर कुठेही टिप्पणी करण्याचा, दोन हजारांवर इतरांचा मजकूर थेट सुधारण्याचा, तीन हजारांवर निरुपयोगी प्रश्न बंद करण्यासाठी मत देण्याचा. म्हणजे जितकं जास्त काम कराल तितकं आणखी काम करण्याची परवानगी! मजुरी म्हणून याकडे पाहिलं तर ही शुद्ध फसवणूक आहे. गावातल्या गणेश मंडळात वर्षानुवर्षं राबणाऱ्या पोराला एक दिवस वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळायला देतात, तसा हा प्रकार आहे. त्यात त्याला मिळतो तो मंडळाचा विश्वास. ‘हे आता आपलंही आहे’ ही भावना तिथून सुरू होते, आणि पुढच्या रागाचं मूळही तिथेच आहे.

दुसरी गोष्ट बरोबरीच्यांची. उत्तर देणारा प्रश्नकर्त्यासाठी लिहितो हे खरं, पण त्याची अर्धी नजर दुसऱ्या जाणकारांवर असते. ढिसाळ लिहिलं तर कुणीतरी येऊन खोड काढणार, हे त्याला माहीत असतं. पहिलं विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच मजकूर सुधारता येईल असं संकेतस्थळ, बनवणारे वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावावर एक गमतीदार नियम सांगितला जातो: इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारत बसू नका, चुकीचं उत्तर ठोकून द्या. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक करा, जन्मात कधी न बोललेले लोक धावून येतील. दुसऱ्याला दुरुस्त करण्याचा हा आनंद काही उदात्त नाही. पण उघड्यावरच्या ज्ञानाची निम्मी साफसफाई त्याच्याच जोरावर होते, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही.

मात्र त्याची किंमत नवख्यांनी मोजली. आधीच विचारून झालेला प्रश्न, अर्धवट मांडलेला प्रश्न, ‘कॉलेजचा गृहपाठ’ वाटणारा प्रश्न आला की स्टॅक ओव्हरफ्लोवर तो तुसडेपणाने बंद व्हायचा. आपण नव्या लोकांशी, विशेषतः स्त्रियांशी, पुरेशा अगत्याने वागत नाही, हे कंपनीने २०१८ मध्ये जाहीरपणे कबूल केलं. तिच्या वार्षिक पाहणीत भाग घेणाऱ्या प्रोग्रामरांमध्ये स्त्रियांचं प्रमाण वर्षानुवर्षं दहा टक्क्यांच्या आतच राहिलं. त्यात या व्यवसायाचाच वाटा मोठा आहे. पण रात्रीच्या जेवणानंतर दोन तास कोडी सोडवायला मोकळे कुणाला मिळतात, हा प्रश्नही त्यात आहे. स्वयंसेवेच्या आनंदाबद्दल लिहिणारे बहुतेक पुरुष हा भाग सोडून देतात.

आणि बायका उत्तरं देत नाहीत, असं तर मुळीच नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मराठी स्वयंपाकाच्या कुठल्याही ग्रुपवर जाऊन बघा. ‘अनारसे तुपात हसतायत, काय करू?’ अनारसा हसतो म्हणजे तुपात फुटून विरतो. कढईत तूप तापलंय, पीठ वाया जाण्याच्या बेतात आहे, आणि नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंतच्या बायका मिनिटभरात कामाला लागतात. गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी मळून बघ. पीठ सैल आहे का? आच कमी कर. एक जण सांगते, दुसरी तिला दुरुस्त करते, तिसरी दोघींना सांगते की आधी एकच सोडून बघा. कोडं, अडलेला माणूस, बरोबरीच्या जाणत्यांची नजर, सगळं इथे आहे. फक्त याला आपण ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ असं भारदस्त नाव देत नाही, आणि कुठली कंपनी अजून याचा करार करायला आलेली नाही.

आता पैशाकडे येऊ. उत्तरांना पैसे देऊन पाहिले गेलेच नाहीत, असं नाही. गुगलने २००२ मध्ये ‘गुगल आन्सर्स’ नावाची सेवा काढली होती. प्रश्नकर्त्याने दोनशे डॉलरपर्यंत किंमत लावायची, निवडलेल्या संशोधकाने उत्तर द्यायचं आणि रकमेचा पाऊण हिस्सा त्याने घ्यायचा. उत्तरं चांगली असत. तरी २००६ च्या अखेरीस ती बंद पडली, आणि त्याच काळात याहूची फुकट सेवा, तिच्यातल्या सगळ्या येडपटपणासकट, फुगत गेली. यावरून ‘पैसा आला की ज्ञान नासतं’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. वकील, डॉक्टर, शिकवणीवाले पैसे घेऊनच उत्तरं देतात आणि त्यात काही वावगं नाही. पण पैसा दिला की व्यवहार तिथेच मिटतो. प्रश्नकर्ता गिऱ्हाईक होतो आणि बाकीच्यांना त्यात डोकं घालायचं कारण उरत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला देऊन पाहिली होती. काहींना प्रत्येक कोड्यामागे डॉलर दिला, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात एकटं सोडल्यावर, पैसे घेऊन खेळलेल्यांचा हात त्या ठोकळ्यांकडे कमी गेला. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले. तरी क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये जे केलं ते पाहून डेसींची आठवण यावीच. क्वोराने पैसे दिले, पण उत्तरांना नाही, प्रश्नांना! ज्याच्या प्रश्नावर जास्त वर्दळ, त्याला जास्त रक्कम. परिणाम काय व्हायचा तो झाला. कुणालाही ज्यांचं उत्तर नको आहे असे प्रश्न घाऊक भावाने पडू लागले, आणि तिथल्या जुन्या लेखकांनी उघडपणे बोटं मोडली. प्रश्नापलीकडे अडलेला माणूस नाही हे उत्तर देणाऱ्याला लगेच कळतं, आणि कळलं की त्याचा हात थांबतो.

तर मग स्टॅक ओव्हरफ्लोच्या त्या सदस्यांना वाटा हवा होता का? काहींना असेलही. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने ते संकेतस्थळ १८० कोटी डॉलरना विकत घेतलं तेव्हा आपल्या फुकट श्रमांची किंमत त्यांना आकड्यात दिसली होती. पण तेव्हा उत्तरं पुसण्याची अशी लाट आली नाही. मालक बदलला तरी साठा उघडा होता, उत्तराखाली नाव होतं, प्रश्न विचारायला माणसं येत होती. चॅटजीपीटीनंतर यातलं एकेक डळमळू लागलं. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या मॉडरेटरांनी, म्हणजे मजकुरावर देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकांनी, संप केला. यंत्राने लिहिलेली उत्तरं काढून टाकण्यावर कंपनीने घातलेले निर्बंध हे मुख्य कारण, आणि सगळ्यांना उतरवून घेता येणारा साठा कंपनीने गुपचूप बंद केला हे दुसरं. तो नंतर पुन्हा सुरू करावा लागला. यंत्रातून बाहेर येणाऱ्या उत्तराला श्रेय दिलं जाईल, असं ओपनएआयशी करार करताना सांगितलं गेलं, पण हजारो उत्तरांचा काला करून दिलेल्या उत्तराखाली कुणाचं नाव लिहिणार?

फुकट दिलेल्या श्रमांचं असं पूर्वीही झालंय. नव्वदच्या दशकात संगणकात गाण्यांची सीडी घातली तर नुसते ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ दिसायचे, कारण बहुतेक सीड्यांवर गाण्यांची नावं साठवलेलीच नसत. हजारो हौशी लोकांनी आपापल्या सीड्यांची नावं टाइप करून सीडीडीबी नावाच्या सामायिक यादीत चढवली. पुढे तीच यादी ग्रेसनोट नावाची कंपनी झाली, वापराच्या अटी आल्या, आणि २००८ मध्ये सोनीने ती सुमारे २६ कोटी डॉलरना घेतली. टाइप करणाऱ्यांना त्यातलं काही मिळालं नाही, आणि याहून वाईट म्हणजे आपण भरलेली यादी आपल्याला मोकळेपणाने वापरताही येईना. मग लोकांनी फ्रीडीबीसारख्या नव्या याद्या काढल्या.

याच्या उलट उदाहरण स्पॅनिश विकिपीडियाचं आहे, आणि या सगळ्या चर्चेत मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. २००२ च्या सुरुवातीला विकिपीडियावर पुढेमागे जाहिराती येतील अशी नुसती शक्यता बोलली गेली. स्पॅनिश लेखकांपैकी पुष्कळ जणांनी आपला मजकूर उचलला आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर वेगळा ज्ञानकोश थाटला. परवाना खुला, म्हणजे मजकूर कुणालाही घेऊन वापरू देणारा, असल्यामुळे त्यांना तसं करता आलं. पुढच्या वर्षी विकिपीडियामागे ना-नफा फाउंडेशन उभं राहिलं आणि तिथे आजवर व्यापारी जाहिरात आलेली नाही. स्पॅनिश बंड हे त्याचं एकमेव कारण नसेल. पण फुकट काम करणाऱ्याकडेही एक हक्क असू शकतो, तो म्हणजे केलेलं काम घेऊन उठून जाण्याचा, हे त्यातून स्पष्ट झालं. त्या लोकांना पगार नको होता. या घरात आपलं चालतं, एवढं त्यांना हवं होतं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या सदस्यांनी पुसलेली उत्तरं कंपनीने परत चढवली ती कायद्याला धरूनच, कारण एकदा दिलेला खुला परवाना मागे घेता येत नाही. पण या घरात आपलं चालत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणि एव्हाना तिथले प्रश्नही आटले आहेत. भरभराटीच्या काळात महिन्याला दोन लाखांच्या घरात प्रश्न पडत. आज त्याचा अगदी थोडा अंश उरलाय. पुण्याच्या हिंजवडीतला प्रोग्रामर आता यंत्राला विचारतो आणि त्याचं काम होतं. त्याची सोय झाली, याबद्दल तक्रार नाही. पण तो प्रश्न चारचौघांत आला नाही, त्यामुळे ज्याला तो सोडवण्यात मजा आली असती त्याच्यापर्यंत पोचला नाही, आणि नव्या अडचणीचं नवं उत्तर कुठे लिहिलंही गेलं नाही. यंत्र पुढच्या वेळी कशावरून शिकणार, याची काळजी यंत्रवाल्यांनी करावी. मला काळजी मराठीची आहे.

कारण मराठीत उघडा साठा तयार होण्याआधीच आपण बंद खोल्यांत गेलो. नाशिकच्या निफाड-दिंडोरीत, सांगलीच्या तासगावात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पानांचे फोटो पडू लागतात. ‘तेलकट डाग दिसतोय, डाऊनी आहे का? काय मारू?’ डाऊनी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग. उत्तर येतं: पान उलटं करून मागची बाजू दाखवा, पांढरी बुरशी आहे का बघू. मग छाटणीला किती दिवस झाले, पाऊस किती झाला, आधीची फवारणी कोणती, अशी उलटतपासणी होते. उत्तर देणारा स्वतःही बागायतदारच असतो, त्याच बाजारात माल विकणारा. सांगणारा कोण आणि औषध खपवणारा कोण, हे ग्रुपला दोन-तीन उत्तरांत कळतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर जे जे होतं ते सगळं इथे आहे, फक्त उरत काही नाही. ग्रुपची मर्यादा १०२४ जणांची. उत्तर अनेकदा आवाजी संदेशात. चार दिवसांनी ते ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडलं जातं, आणि पुढच्या ऑक्टोबरला तोच प्रश्न पहिल्यापासून.

सरकारी सोय नाही असंही नाही. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे आणि तिथे मराठीत विचारता येतं. पण फोनवरचं उत्तर एकटा विचारणारा ऐकतो. ते चुकलं तर सुधारणारा तिसरा माणूस तिथे नसतो.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघासारख्या संस्थेने, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला बरोबर घेऊन, अशा प्रश्नोत्तरांचा उघडा मराठी साठा सुरू करावा. संघ १९६० पासून आहे, त्याची चर्चासत्रं भरतात, लोक त्याला ओळखतात. कोऱ्या संकेतस्थळापेक्षा तिथे माणसं आधी येतील. यावर शास्त्रज्ञांचा आक्षेप मला ठाऊक आहे: कुणीही काहीही सल्ला देईल आणि निर्यातीचा माल अडकेल. भीती खोटी नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली तेव्हा किती बागायतदार हवालदिल झाले, ते आठवत असेल. पण चुकीचा सल्ला आजही दिला जातोच, बंद ग्रुपवर, जिथे शास्त्रज्ञाची नजर पोचत नाही. उघड्यावर दिला तर निदान खाली कुणीतरी लिहील की हे औषध काढणीच्या इतक्या जवळ चालत नाही.

सर्व्हरचा खर्च आणि मजकूर चाळणाऱ्या दोघा-तिघांचा पगार द्यावा लागेल, तो संस्थेने द्यावा. उत्तर देणाऱ्यांना मानधन ठेवू नये. त्यांच्यासाठी नियमावलीत तीन गोष्टी पहिल्या दिवशी लिहाव्यात: उत्तराखाली, हवं असेल तर, लिहिणाऱ्याचं नाव राहील. सगळा साठा कुणालाही उतरवून घेता येईल. आणि तो कुठल्या कंपनीला द्यायचा झाला तर आधी उत्तर देणाऱ्यांचं मत घेतलं जाईल. औषध कंपन्यांचं प्रायोजकत्व घ्यायचं की नाही, यावर पहिल्याच बैठकीत भांडण होईल. ते पहिल्याच बैठकीत झालेलं बरं.